ठिपक्याचं शेपूट

कुंदाताई, परवा तुमच्या शोकसभेत जो तो उठून तुमच्या नजरेबद्दल बोलत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. कोणी म्हणालं, ताईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. कोणी म्हणालं, अशी नजर पुन्हा होणे नाही. आपले मालक तर माइक धरून गहिवरून म्हणाले, "मैडम की आँख हमारे कारख़ाने की सबसे बड़ी मशीन थी." मी मान खाली घातली आणि रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय, त्यांनी बिचाऱ्यांनी पाठीवरून हात फिरवला. मान वर करून बघतो तर पहिल्या रांगेत काकांचेही खांदे हलत होते. तुमचा नवरा तुमच्याच शोकसभेत हसतोय, हे बघून मला धीर आला. आमची नजरानजर झाली आणि दोघांनाही पाणी प्यायला बाहेर जावं लागलं.

बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "काळा आंब." मी म्हणालो, "हो, काका." मग आम्ही पोटभर हसलो आणि त्यानंतर थोडं रडलोही.

पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हापासून नेम धरायच्या नव्या साइटचा पहिला नग माझ्या टेबलावर पडून होता. तुमच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही नग बाहेर पाठवायचा नाही, हा आपला नियम. आता तो नग मी कोणाच्या डोळ्याखालून घालायचा होता?

आपली पहिली भेट आठवते का? दिल्लीतल्या मराठी मंडळाचा गणपती होता. करोल बागेत खोल्या घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारे आम्ही सगळे होतकरू कलेक्टर आरतीला मागे आणि जेवायला पुढे असायचो. मी उदगीरचा इरफान, फिजिक्समध्ये एमएस्सी, परीक्षेत पुन्हा एकदा आपटलेला आणि मोदकांच्या रांगेत उभा. तुम्ही वाढत होतात. "शिकलास काय?" विचारलंत. मी सांगितलं. "त्यात विशेष काय घेतलं होतंस?" मी म्हणालो, "प्रकाशशास्त्र." तुमच्या हातातला डाव तसाच राहिला, माझ्या मागची रांग खोळंबली. तुम्ही पर्समधून काडेपेटीएवढी एक चौकट काढून माझ्या हातात दिलीत.

"यातून बघ. लाल ठिपका दिसतोय? कुठे आहे तो?"

"काचेवर," मी म्हणालो.

"नापास. मान हलव."

मी मान हलवली. मंडपाच्या टोकाला लावलेल्या कळसावर ठिपका होता. मी डावीकडे झालो, उजवीकडे झालो, वाकलो, तरी ठिपका कळसावरून हलेना. काचेवर असता तर हलला असता. "तिथे आहे," मी ओरडलो, "कळसावर!"

"तिथेही नाही. तो कुठेच नाही," तुम्ही म्हणालात आणि माझ्या ताटात आणखी एक मोदक टाकलात. "सोमवारी फरिदाबादला ये. पत्ता काका देतील."

माझी नोकरीची मुलाखत ती एवढीच. अम्मीला फोन केला, तर तिने मोहल्ल्यात सांगून टाकलं की इरफानला दिल्लीत चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. तुम्हाला हे इतकं आवडलं होतं की पुढे कित्येक दिवस तुम्ही मला "काय रे चष्मेवाले" अशीच हाक मारत होतात.

आपलं काम लोकांना समजावून सांगणं हा तुमचा छंद होता, म्हणून तुमच्याच शब्दांत सांगतो. साइट म्हणजे बंदुकीवर बसवायची एक चौकट. तिच्यात किंचित वक्र आणि किंचित तिरकी काच. खाली बारीक लाल दिवा. दिव्याचा उजेड काचेवर आपटून डोळ्याकडे येतो तो सरळ, समांतर होऊन, जणू फार लांबून आल्यासारखा. म्हणून ठिपका लांबच्या वस्तूवर टेकलेला दिसतो आणि डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी तिथेच राहतो. जिथे ठिपका, तिथे नेम. एकदा कोणीतरी तुम्हाला विचारलं, बाई असून बंदुकीचं काम कसं करता? तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "आम्ही गोळी बनवत नाही, नेम बनवतो. नेम चुकला की भलत्याला लागते. म्हणून तो चुकू नये यासाठी कोणीतरी डोकं फोडायला नको का?" सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी मुदतीआधी सोडून तुम्ही या छोट्या कारखान्यात आलात त्या हट्टापायीच.

तयार झालेला प्रत्येक नग गच्चीवर न्यायचा, कठड्यावरच्या शिकंज्यात अडकवायचा आणि गल्लीपलीकडच्या घरांमागे लांब दिसणाऱ्या काळ्या टाकीच्या पिवळ्या झाकणावर ठिपका आणायचा. मग मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ठिपका झाकणावरून ढळला की काच बाद. याला आपण "टाकीला नमस्कार" म्हणायचो. एके दिवशी टाकीच्या मालकीणबाई तणतणत कारखान्यात आल्या. दहिया आंटी. "आप लोग रोज़ मेरी छत की तरफ़ मुंडी क्यूँ हिलाते हो? मेरी बहू कपड़े सुखाती है वहाँ!" मालक घामाघूम झाले. तुम्ही मात्र आंटींचा हात धरून त्यांना वर नेलंत आणि साइटसमोर उभं केलंत. आंटींनी एक डोळा मिटून बघितलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "हाय राम! मेरी टंकी ने तो बिंदी लगा रक्खी है!"

त्या दिवसापासून आंटी आपल्या झाल्या. सणावारी त्यांच्या घरचा चूरमा आणि तुमच्या घरची पुरणपोळी एकमेकांच्या गच्च्या ओलांडून जाऊ लागली. ईदला मात्र तुम्ही दोघी मिळून माझ्यावर तुटून पडायचात, "शीरखुर्मा कुठाय?" आणि "खीर कित सै?" एकाच सुरात.

मग आलं ते शेपूट.

नव्या डिझाइनचा पहिला नमुना तुम्ही टाकीवर धरलात आणि म्हणालात, "बाद. शेपूट आहे." तुम्हाला ठिपका गोल दिसत नव्हता, स्वल्पविरामासारखा एका बाजूला ओढलेला दिसत होता. तुमचं म्हणणं गैर नव्हतं. दिवा बाजूला बसवलेला, काच तिरकी, म्हणजे ठिपका फिसकटायला जागा आहेच. मी कामाला लागलो. एक काच होती तिथे दोन काचा चिकटवल्या, आरसा त्यांच्या मधल्या थरात घेतला, वक्रता बदलली, जाडी बदलली, दिवा केसभर सरकवला. प्रत्येक वेळी तुम्ही वर जायचात, खाली यायचात आणि म्हणायचात, "कमी झालंय. पण आहे."

मी कॅमेऱ्यातून फोटो काढून दाखवला. फोटोत ठिपका गोल गरगरीत. "कॅमेरा बंदूक उचलतो का?" तुम्ही म्हणालात. "माणूस उचलतो. माणसाला काय दिसतं ते सांग." आपल्या जुळणीवाल्या पालजींना बोलावलं. ते म्हणाले, "मैडम, मुझे तो गोल लग रहा है." तुम्ही म्हणालात, "पालजी, आपको तो यहाँ की चाय भी ठीक लगती है." मी म्हणालो, "मलाही गोलच दिसतं, ताई." तर म्हणे, "तुझं वयच आहे सगळं गोल दिसायचं."

शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलंच. "ताई, एकदा डोळे तपासून घ्यायचे का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग समोरच्या डब्याकडे. डब्यात अळूवडी होती, आणि तुमच्या हातची अळूवडी म्हणजे काय हे मी उदगीरच्या माणसाने तुम्हाला सांगायला नको. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, हळूच, कट्ट असा आवाज करून. "माझे डोळे?" एवढंच म्हणालात. पुढचा आठवडाभर मी कँटीनचे छोले खाल्ले.

मला अजून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. साइटमध्ये खोट आहे की बघणाऱ्याच्या डोळ्यात, हे ठरवायची सोपी रीत तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवली होतीत. साइट हातात घेऊन आडवी फिरवायची. शेपूट तिच्याबरोबर फिरलं तर काच वाईट. जागच्या जागी राहिलं तर डोळा वाईट. दिल्लीभरच्या पोरांना तुम्ही हे शिकवलंत, आणि स्वतः एकदाही साइट शिकंज्यातून काढून फिरवली नाहीत. कारण आपल्या डोळ्याचा संशय घ्यावा हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्यासारखी हट्टी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि आता बघायला मिळणारही नाही याचं फार वाईट वाटतं.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला निघाली. दरवर्षीप्रमाणे काळा आंबला मानवंदना द्यायला. तुम्ही, काका आणि मी. तुमच्या पर्समध्ये साइट होतीच. "फरिदाबादेत त्या टाकीपुढे जगच नाही. जरा लांबचं काही बघू," म्हणालात. फाटकावर पहाऱ्यावरच्या माणसाने पर्स उघडली आणि चौकट बाहेर काढली. "मैडम, यो के सै?" मला घाम फुटला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "भैया, बिंदी लगाने की मशीन है. देख लो." त्याने डोळ्याला लावून बघितलं, समोरच्या झाडाला, झेंड्याला, आपल्या साहेबाच्या पाठीला बिंदी लावून झाली आणि खूश होऊन त्याने ती परत दिली.

भाषणं झाली, घोषणा झाल्या, डोळे भरून आले तसे दरवर्षी येतात. मग धुकं विरलं, छान ऊन पडलं आणि आपण हिरवळीवर बसलो. काकांनी थर्मासमधून चहा ओतला. तुम्ही स्मारकाच्या टोकावर ठिपका धरून बसला होतात आणि पुटपुटत होतात, "आहेच. अजून आहेच." पहाटेपासूनच्या प्रवासाने थकला होतात म्हणून बघता बघता तुमचं डोकं काकांच्या खांद्यावर कललं. साइट हातात तशीच सरळ, पण डोक्याबरोबर ठिपक्याचं शेपूटही कललं.

"अगं बाई!" तुम्ही ताठ बसलात. पुन्हा डोकं कलवलंत. पुन्हा ताठ. पुन्हा कलवलंत. बाजूला डब्यातून तिळाच्या वड्या वाटणाऱ्या बाई धावत आल्या, "चक्कर येतेय का हो?" तुम्हाला उत्तर द्यायला कुठली सवड! तुम्ही साइट हातात आडवी फिरवलीत, उलटी केलीत, सुलटी केलीत. मग ती मांडीवर ठेवलीत आणि हसायला लागलात. तुम्हाला बोलता येईना. काका घाबरले. अखेर डोळ्यांचं पाणी पदराने पुसत तुम्ही ओरडलात, सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल असं.

"इरफान, शेपूट माझंच आहे रे!"

काका चहाचा घोट घेत म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतोय."

ताई, दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. घरी येऊन गुपचूप चष्मा केला असता आणि आठवड्याने "काच आता बरी झालीय" म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही परतीच्या बसमध्ये पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत जाऊन प्रत्येकाला सांगितलंत. "अहो, इतके महिने मी काचेला शिव्या घातल्या, आणि वाकडा माझा डोळा!" ड्रायव्हरलासुद्धा हिंदीतून सांगितलंत. तो म्हणाला, "मैडम, आप बैठ जाओ, ब्रेक लगेगा."

मग करोल बागेतलं ते चष्म्याचं दुकान. दुकानदार तपासून म्हणाला, बुबुळाचा बाक एका बाजूने वाढलाय, वयाने होतं असं. त्याने काचेचा कोन लिहिला आणि तुम्ही म्हणालात, किंचित इकडे घ्या. तो म्हणाला, बरोबर आहे. तुम्ही म्हणालात, नाही. बराच वेळ चालल्यावर त्याने विचारलं, "मैडम, आप डॉक्टर हैं?" "ना जी, मरीज़ हूँ. पर काँच मैं आपसे ज़्यादा बिगाड़ चुकी हूँ." त्याने हात जोडले. चष्मा तयार झाला त्या दिवशी दुकानातून बाहेर येऊन तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात आणि सिग्नलचा लाल दिवा बघत बसलात. तो हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. रिक्षावाले हाका मारत होते. "इरफान, गोल आहे रे," तुम्ही म्हणालात. "बिल्कुल गोल आहे." तुमचा तेव्हाचा चेहरा मला शोकसभेतल्या फोटोपेक्षा शंभरपट आवडतो.

आता एक गोष्ट मात्र मी परवा कोणाला सांगितली नाही, ती इथे सांगतो. तुमच्या त्या वाकड्या डोळ्याच्या समाधानासाठी मी ती काच सुधारत गेलो, सुधारत गेलो, आणि शेवटी ती गरजेपेक्षा कितीतरी सरस झाली. तुमचा डोळा चांगला असता तर पहिलाच नमुना पास झाला असता आणि आपली साइट चारचौघींसारखी राहिली असती. आज मी जो काही आहे तो त्या शेपटामुळे आहे. तुमचे उपकार मानायचे तर डोळ्याचे मानू की हट्टाचे, मला कळत नाही.

आणि आपलं शेवटचं भांडण अजून संपलेलं नाही, हे लक्षात असू द्या. चष्मा लागल्यावर तुम्ही नवं खूळ काढलंत. "माझ्यासारखे डोळे असणारे हजारो असतील. त्यांना ठिपका फिसकटलेला दिसणार. ठिपक्याभोवती एक मोठं वर्तुळ घाल, त्याच्या मधोमध नेम धरता येईल." मी म्हणालो, समोरचं दृश्य झाकलं जाईल. तुम्ही म्हणालात, उजेड मंद कर. मी म्हणालो, उन्हात दिसणार नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर, हाताला सुई लावलेली असताना, तुम्ही हवेत बोटाने वर्तुळ काढून दाखवत होतात आणि नर्सला वाटलं तुम्ही तिला बोलावताय. माझं मत बदललेलं नाही. तरी वर्तुळाचा एक नमुना करायला टाकलाय, तुम्ही चूक होतात हे सिद्ध करायला. काका म्हणाले, "सिद्ध नाही झालं तर मला सांग, मी तिच्या फोटोला सांगेन."

त्या खाटेवरूनच तुम्ही विचारलं होतंत, "पहिला नग पास केलास?" मी म्हणालो, "नाही. तुम्ही आल्यावर." तुम्ही "हं" म्हणालात आणि डोळे मिटलेत.

ताई, त्या "हं"चं काय करायचं? काळा आंबला तुम्ही सगळ्या जगाला सांगितलंत की माझा डोळा चुकला. इरफानचा बरोबर होता, असं एकदाही म्हणाला नाहीत. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मला ते ऐकायचं होतं, लहान मुलासारखं ऐकायचं होतं. तुम्ही गेलात आणि नग टेबलावर राहिला. मालक रोज विचारायचे, "भेजें?" मी रोज म्हणायचो, "कल." पालजी माझ्याशी बोलायचे थांबले, नुसता चहा आणून ठेवायचे.

काल शेवटी मी वर गेलो. चांगलं ऊन होतं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर आता सोलरची पॅनेलं बसलीत, एक दहिया आंटींची गच्ची सोडून. तिथे ती काळी टाकी आणि तिचं पिवळं झाकण, होतं तसंच. खाली आपल्या गल्लीत उन्हाला येऊन आंटी पुदिना निवडत बसल्या होत्या. मला कठड्याशी बघून त्यांनी हाक मारली.

"इरफ़ान! आ गया तू? मैं तो बाट देख री थी."

"क्यूँ आंटी?"

"अरे, यो सोलर वाले रोज़ आवैं सैं, टंकी हटाओ, टंकी हटाओ. मैंने मना कर राख्या सै. मैडम का फ़ोन आया था हस्पताल तै. बोलीं, बहन, टंकी मत हटवाना, इरफ़ान को चाहिए होगी." आंटींनी पुदिना बाजूला ठेवला. "मैंने पूछा, मैडम, वो अकेला देख लेगा? तो बोलीं, उसकी आँख सही है. पहले दिन से सही थी."

साइट शिकंज्यात अडकवली, दिवा लावला, झाकणावर ठिपका आणला.

ठिपक्याला शेपूट होतं. एका बाजूला ओढलेलं, चांगलं लांबलचक. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि नेमका आज, तुम्ही नसताना. मग तुम्ही शिकवलं होतंत तेच केलं. शिकंजा सोडला, साइट हातात घेतली आणि हळूहळू आडवी फिरवली. शेपूट जागचं हललं नाही. मी बाहीने डोळे पुसले, नीट, दोन्ही, आणि पुन्हा बघितलं. टाकीने बिंदी लावली होती. गोल. मी मान हलवली, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि ती तिथेच राहिली.

"के होया रै?" खालून आंटींनी विचारलं.

"पास है, आंटी," मी ओरडून सांगितलं.

शेपूट माझंच होतं, ताई. काच पास केली.